कूलर बंद

माझं काम एवढंच होतं :
लाल दिवा लागायच्या आधी कूलर बंद करायचा.

इतवारीत, भांड्यांच्या दुकानावरची खोली.
मे महिना, पारा सत्तेचाळीसवर.
आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकलेल्या,
त्यामुळे हवाही येत नसे.
कूलरची घरघर बातमीत शिरते,
म्हणून बावीस मिनिटं तो मुका,
आणि कुमुद पराते इस्त्रीच्या साडीत
पाणीकपातीची बातमी वाचून राहिली,
टेबलाखाली पाय बर्फाच्या घमेल्यात.
कॅमेऱ्याला घमेलं दिसत नव्हतं.
शहर म्हणायचं, काय थंड बाई आहे!

आवाज तिनं मागावर कमावलेला.
गोळीबार चौकात बापाचे दोन माग,
दिवसभर खटक-खटक.
जेवायला चला, एवढं सांगायचं तरी
शब्द असा फेकावा लागे
की धोट्याच्या दोन फेऱ्यांमधून पलीकडे निघेल.

मालकानं पुण्याहून भाषेचा मास्तर आणला.
होऊन राहिलं नाही, होत आहे.
काऊन नाही, का.
पंधरा दिवसांत त्यानं तिच्या जिभेवरून
अख्खी गल्ली उतरवून ठेवली.
घरी बोलली तर बाप म्हणाला,
हे कोण पाव्हणी आली बाप्पा?

मग डिसेंबर. अधिवेशन.
रस्त्यांचे खड्डे पंधरा दिवसांपुरते बुजले
आणि तिला मिळाला स्वतःचा कार्यक्रम.
मंडपवाल्याकडच्या दोन वेताच्या खुर्च्या,
मधे संत्र्यांची टोपली
(संत्री मोजून परत द्यायची होती).
समोर मंत्री. नाव आता त्याच्या गाववाल्यांनाही आठवणार नाही.
विणकर सोसायटीच्या सुताचे पैसे गेले कुठं, तिनं विचारलं.
चौकशी सुरू आहे, तो म्हणाला.
मागच्या वर्षीही सुरू होती.
त्याच्या मागच्याही.

कुमुदनं हातातला कागद उलटा ठेवला.

काऊन?

बस. पुढं जी नाही, साहेब नाही.
अकरा सेकंद. मी घड्याळात पाहिले.
थंडीतला कूलर पॉलिथिनमध्ये बांधलेला,
तरी माझा हात बटणावर गेला.
मंत्र्यानं रिकामा कप तोंडाला लावला
आणि प्यायल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी बर्डीवर पोहेवाला
कमी तर्री मागणाऱ्याला म्हणाला, काऊन?
एका ऑटोच्या पाठीवर तेवढंच रंगवलेलं,
खाली मालकाचा फोन नंबर.
सुताचे पैसे आले नाहीत.
बापानं मात्र माग थांबवून कार्यक्रम पाहिला होता.
म्हणे, आता घरची वाटली.

मग मुंबईहून बोलावणं. मोठं चॅनल, एसी,
पडद्याचे आठ तुकडे, प्रत्येकात एक तोंड उघडं,
आणि मधल्या चौकटीत ती.
दोन मागांवरून पलीकडे जाणारा गळा
आठ माणसांवरून जाईना.
मी इथं दुकानात पाहत असे.
तिचे ओठ काऊनच्या आकाराचे व्हायचे
आणि जाहिरात लागायची.
सात वर्षं. एका सोमवारी त्या खुर्चीत दुसरी मुलगी होती.
चांगली वाटली. पहिल्याच आठवड्यात घसा बसलेला.

आता मी कूलर दुरुस्त करतो.
दर एप्रिलमध्ये कुमुदबाईंच्या घरी जातो, मानेवाड्याला,
जुना वाळा काढतो, नवा ठोकतो, पंपाची गाळणी धुतो.
बटण दाबलं की खोलीभर ओला गंध,
त्या कैरीचं पन्हं देतात, समोर बसतात.
पैसे दिले, चिल्लर मोजली, मी जोडे घालून राहिलो.

तेवढ्यात त्यांना काही बोलायचं असतं.
त्या उठतात.
भर दुपारी, घाम निथळत असताना,
आधी कूलर बंद करतात.